तीन खुर्दाद, तेराशे एकतीस

“जन्मतारीख,” दत्तोपंत म्हणाले, “आठ एप्रिल एकोणीसशे एकवीस. पुढं.”

दमयंतीबाईंचं पेन पुढे गेलं नाही. आठ एप्रिलपर्यंत ते नेहमीसारखं गेलं, एकोणीसचा आकडा काढून झाला, आणि तिथेच चौकटीत टेकून उभं राहिलं. शाईचा बारीक ठिपका पडला आणि पसरायला लागला. सत्तावीस वर्षं या घरात दत्तोपंत अर्ज सांगत आले होते आणि त्या लिहीत आल्या होत्या. रेशनकार्डाचा अर्ज, नळाचा अर्ज, मुलाला, श्रीनिवासला, पुण्याच्या वसतिगृहात जागा मिळावी म्हणून केलेला अर्ज, शेजारच्यांच्या भिंतीबद्दल नगरपालिकेला केलेले तर सात अर्ज. दत्तोपंतांनी आरामखुर्चीत पाय लांब करायचे, डोळे मिटायचे, कोर्टात कारकुनाला सांगावं तसं सांगत जायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “पुढं” म्हणायचं. वकिली सोडून चार वर्षं झाली होती, पण “पुढं” काही सुटलं नव्हतं. त्यांनी म्हणावं आणि पेन अडावं असं आजपर्यंत एकदाही झालं नव्हतं. त्यामुळे त्यांना ते कळलंही नाही. “नियुक्तीची तारीख,” ते म्हणाले. “नऊ जून बावन्न. पुढं.” दमयंतीबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. आपल्याला काय होतंय हे त्यांना नीट कळेना. एवढ्याशा चौकटीपायी पेन अडावं याचीच त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात वरून सरूबाईने हाक मारली, “बाई, आदण आलं वो! चीक आंबंल की आता!” दमयंतीबाईंनी पेनला टोपण लावलं आणि त्या उठल्या. “अगं, फॉर्म अर्धा राहिला,” दत्तोपंत डोळे उघडून म्हणाले. “कुरडयांचा चीक आहे,” त्या म्हणाल्या, “तो थांबायचा नाही.” दत्तोपंतांनी लगेच डोळे परत मिटले, कारण गरम चीक दूधसाखर घालून वाटीभर खाणं हा त्यांचा फाल्गुनातला एकमेव छंद होता. दमयंतीबाई जिना चढून गच्चीवर गेल्या, आणि वर पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की आपण चिकासाठी उठलो नाही. चीक झाला नसता तरी आपण उठलोच असतो.

फॉर्म शनिवारी हातात आला होता. तीस एप्रिलला आपण नियमानुसार निवृत्त होत आहात, सोबतचा नमुना भरून, नोंदी बरोबर असल्याची सही करून सोमवारी कार्यालयात द्यावा, एवढाच मजकूर. शाळेचा कारकून बद्रीनाथ, पिशोरचा, शाळेतल्या बायकांपेक्षा जास्त बोलणारा. त्याने तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभा राहिला. “बाई, नीट बघून सही करा बरं का. एकडाव सही झाली की मग ब्रह्मदेव आला तरी तारीख हालायची नाय.” तेव्हा, का कुणास ठाऊक, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “आणि चूक असेल तर?” बद्रीनाथ हसला. “चूक कोनाची हाय त्याच्यावर हाय. हपिसाची असंल तर हपिस हात वर करतंय. पन तुमचा मूळ दाखला उर्दूतला. त्याचा मराठी तर्जुमा ज्यानं केला त्यानं लिहून दिलं, की बाबा, माझी गलती झाली, शपथेवर, तर सायेब पाच मिनटात दुरुस्त करत्यात. मागं दोघांची केली की. पन असं लिहून देतंय कोन, बाई?” दमयंतीबाईही हसल्या होत्या. तर्जुमा कोणी केला होता ते त्यांनी बद्रीनाथला सांगितलं नव्हतं.

गच्चीवर तीन विटांची चूल पेटली होती. ऊन अजून कोवळं होतं, पण अंगाला लागल्यावर सुखावण्याऐवजी किंचित टोचत होतं. मागच्या रविवारी शिवरात्र झाली आणि या रविवारी थंडी गेलेली. औरंगपुऱ्यातल्या सगळ्या गच्च्यांवर आज कुणी ना कुणी होतं. कुठे गाद्या वाळत होत्या, कुठे एक म्हातारा डोक्याला तेल चोळून घेत होता. सरूबाईने आदणात मीठ-हिंग टाकलं आणि गुरुवारपासून भिजवलेल्या, वाटलेल्या, गाळलेल्या गव्हाचा पांढरा चीक पातेल्यात धारेने सोडला. दमयंतीबाईंनी लाकडी हाटा हातात घेतला. आता पाव तास हात थांबवायचा नव्हता. थांबला की गुठळी. आणि हात असा एका लयीत फिरायला लागला की त्यांचं मन कुठेही जायला मोकळं व्हायचं, वर्गात गणितं घालून मुली सोडवत असताना व्हायचं तसं. ते सरळ खुर्दाद महिन्यावर गेलं. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद. ओठ हलले असावेत, कारण सरूबाई म्हणाली, “काय मंत्र म्हणताव का काय?” “निजामाचे महिने,” दमयंतीबाई म्हणाल्या. “व्हय का,” सरूबाई म्हणाली आणि चुलीत काटकी सारली.

सरकारी मुलींच्या शाळेत पडद्याच्या टांग्यातून जायचं. टांग्यात सहा मुली, सहाही हिंदूंच्या, आणि तरी पडदा. टांगेवाल्याने पडदा सोडला की आत गारेगार अंधार, आणि त्या अंधारात पाढे. शाळेत सगळं उर्दूत. उस्तानी गोऱ्या, जाड, आणि विडा चघळत गणित शिकवायच्या. निजामाचं फसली साल ऑक्टोबरात बदलतं आणि इंग्रजांचं जानेवारीत, म्हणून फसलीचं इसवी करताना काय करायचं ते त्यांनी बोटाच्या पेरांवर शिकवलं होतं. पहिल्या बोटाची तीन पेरं: आजूर, दै, बहमन. “इन तीन को पाँच सौ नव्वद मिलाना, बाकी सब को एक्क्यान्नव. याद रखो छोकरियों, नहीं तो एक साल खा जाओगे किसी का.” दक्खनी बोलायच्या त्या, मराठी आकडे मध्येच टाकून. छोट्या दमयंतीने घरी येऊन सगळ्यांची सालं काढली होती, आईचं, बाबांचं, मोरीत बसणाऱ्या मांजराचंसुद्धा अंदाजाने. स्वतःचं सगळ्यात आधी. तीन खुर्दाद, तेराशे एकतीस. खुर्दाद म्हणजे एप्रिल, सातवा महिना, पहिल्या बोटाच्या बाहेरचा. तेराशे एकतीस अधिक पाचशे एक्क्याण्णव. एकोणीसशे बावीस. त्या आकड्यात काही विशेष नव्हतं, पण तो तिने स्वतः काढला होता, आणि पाटीवरून पुसायचा तिला दोन दिवस धीर झाला नव्हता.

हाटा जड व्हायला लागला. चीक रंग बदलत होता, पांढऱ्याचा काचेसारखा होत होता. आणि मग बावन्न साल आलं, येणारच होतं. पोलीस अॅक्शनला चार वर्षं होत आली होती. निजामाच्या फौजा शरण गेल्या त्या आठवड्यात मामंजींनी दारावरची उर्दू पाटी काढून मराठी लावली होती आणि पेढे वाटले होते. त्यानंतर या घरात उर्दूचा चकार शब्द चालत नसे, दत्तोपंतांच्या सहीखेरीज. दत्तोपंत अजूनही उर्दूत सही करायचे, डावीकडे पळत जाणारी, शेपटी उडवणारी, आणि त्या सहीवर कोर्टातले मुन्सफ भुलतात असं त्यांचं म्हणणं होतं. दमयंतीबाईंना शाळेत नोकरी लागली ती मामंजींच्या मनाविरुद्ध. शाळेने दाखल्याचा मराठी तर्जुमा मागितला, आणि घरात वकील असताना बाहेर कशाला जायचं. खालच्या खोलीत, त्याच आरामखुर्चीत बसून दत्तोपंतांनी तर्जुमा केला. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा कागद पुरा झाला होता, वर शिक्का, खाली ती शेपटीची सही. मामंजी झोपाळ्यावर होते. कपबशी ठेवताना त्यांची नजर कागदावर गेली. आठ एप्रिल एकोणीसशे एकवीस. पदराखाली बोट आपोआप पेरांवर फिरलं. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी मामंजी म्हणाले, “आमच्या दत्तूचा तर्जुमा मुन्सफ डोळे झाकून घ्यायचा.” दत्तोपंत त्या कौतुकाने असे खुलले होते, पस्तिशी ओलांडलेला माणूस मुलासारखा लाजला होता. दमयंतीबाईंनी तोंड मिटलं. एका वर्षाचं ते काय, असं त्यांना तेव्हा वाटलं. वय तीस. निवृत्तीचा अठ्ठावन्न हा आकडा तेव्हा काशीइतका लांब होता.

त्यानंतर सेवापुस्तकात दरवर्षी सही. नोंदी वाचल्या, बरोबर आहेत. दरवर्षी त्या वाचायच्या आणि बरोबर नाहीत हे त्यांना माहीत असायचं, आणि दरवर्षी त्या सही करायच्या. पुढे पुढे तर वाचणंही बंद झालं. मुलींना हातचा विसरला म्हणून कान धरून उभं करणारी गणिताची बाई स्वतःच्या आयुष्यातला हातचा असा सत्तावीस वेळा विसरली होती, आणि तेही जाणूनबुजून. हे सगळं त्यांना या क्षणी इतकं लख्ख दिसलं की हात थांबला. “बाई, हाटा!” सरूबाई ओरडली. पण गुठळी झालीच एक, सुपारीएवढी.

पातेलं उतरवलं आणि दोघी साच्यातून कुरडया घालायला बसल्या, जुन्या धोतराच्या पानावर, रांगेत. चीक गरम असताना साचा दाबायचा असतो आणि हात पोळतात; सरूबाईचे पोळत नसत, दमयंतीबाईंचे दरवर्षी पोळत. वर्तुळामागून वर्तुळ पडत गेलं. एक वर्ष म्हणजे काय, त्या विचार करत होत्या. मुख्याध्यापिका पद्मजाबाई मे अखेर निवृत्त होणार. त्यांच्यानंतर ज्येष्ठतेत नाव कोणाचं हे शाळेतल्या शिपायालासुद्धा ठाऊक. पण दमयंतीबाई तीस एप्रिललाच गेल्या तर एका महिन्याने ती खुर्ची हुकली, कायमची. खुर्चीचं त्यांना फार नव्हतं. नव्हतं असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि मग, साचा दाबता दाबता, त्यांनी कबूल केलं की होतं. खुर्ची पाहिजे होती. आणि घंटा पाहिजे होती. शाळेची घंटा साडेसातला व्हायची आणि चितेगावकडची एसटी यायची पावणेआठला. त्या बसने सात मुली यायच्या. रोज त्या स्टँडपासून पळत यायच्या, रोज फाटक बंद असायचं, रोज पहिला तास फाटकाबाहेर. आवडा नावाची सातवीतली पोर, गणितात वर्गात पहिली येईल अशी, गणिताचा तास नेहमी पहिला म्हणून गणितात नापास झाली होती. फाटकाच्या गजातून ती फळ्याकडे मान ताणून बघायची. दमयंतीबाईंनी तीनदा पद्मजाबाईंना सांगून बघितलं. घंटा वीस मिनिटं पुढे न्या. “सात मुलींसाठी चारशे मुलींची घंटा हलवायची का? आणि तो मुख्याध्यापिकेचा अधिकार आहे, दमयंतीबाई.” त्या शेवटच्या वाक्याने त्या गप्प बसल्या होत्या. एक वर्ष म्हणजे वीस मिनिटं, सात मुली. हिशेब इतका सोपा होता.

“सरूबाई, तुझं वय किती गं?” त्यांनी एकदम विचारलं.

सरूबाई हसत सुटली. ती सोयगावकडची, लग्न होऊन या शहरात आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. “मला काय ठावं? रझाकार आले तवा मी आईच्या कडंवर व्हते म्हनत्यात. मतदानाच्या कार्डावर मास्तरनं लिवलंय काय तरी. माझ्या थोरल्या भनीपेक्षा मला मोठी करून ठेवलीया, मेल्यानं.”

“मग सांगितलं नाहीस?”

“मला वाचता येतंय का, बाई? दुसऱ्या साली कळलं.” तिने साचा पुसला आणि वर बघितलं. “तवा लई भांडले मी त्याच्याशी. म्हनलं, तुझ्या बापाच्या घरचं वय हाय का? बदलून घेतलं. का, तुमचं बी चुकलंय?”

“व्हय,” दमयंतीबाई म्हणाल्या. सरूबाईशी बोलताना त्यांच्या तोंडात कधीमधी हे असं यायचं.

“तुमाला तर वाचता येतंय,” सरूबाई म्हणाली, “मंग गप कशापायी?” आणि पुढच्या कुरडईला लागली. तिच्या दृष्टीने तो प्रश्न तिथेच संपला होता.

दमयंतीबाई खाली आल्या तेव्हा दत्तोपंतांची आंघोळ-पूजा झाली होती आणि ते चिकाची वाट बघत पाटावर बसले होते. त्यांनी वाटी दिली. ते खाऊ लागले तेव्हा त्या आतल्या खोलीत जाऊन पत्र्याची पेटी उघडून बसल्या. कसरीचा आणि डांबरगोळीचा वास आला. उर्दूतला मूळ दाखला तळाजवळच होता, पिवळा, घड्यांवर विरलेला. आणि त्याच्याच खाली, लाल दोऱ्याने बांधलेली, त्यांची जन्मपत्रिका, लग्न जुळवताना माहेरून आलेली ती इथेच राहिलेली. तिच्या कोपऱ्यात मामंजींनी गुण जुळवताना लिहिलेलं टिपण होतं. शके अठराशे चव्वेचाळीस, चैत्र शुद्ध एकादशी. एकादशीला जन्मलेल्या या पोरीच्या वाढदिवसाला दरवर्षी भगर आणि दाण्याची आमटी. औक्षण व्हायचं आणि मग उपास. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी, हे तर पंचांगाच्या पहिल्या पानावर असतं. त्यांनी बेरीज केली. एकोणीसशे बावीस. दोन वाटांनी गेलं तरी तोच आकडा भेटला. लहानपणी पाटीवर काढलेला. त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि मग रडू आलं नाही. आनंदच झाला. इतका झाला की त्या तिथे जमिनीवर, उघड्या पेटीसमोर, एकट्याच हसल्या.

पण आनंद झाला म्हणून उठता येईना. बाहेर चमचा वाटीला लागत होता. जाऊन सांगितलं तर काय होईल, ते त्यांना माहीत होतं. चेहरा कसा होईल, आवाज कसा चढेल. चौसष्ट वर्षांचा माणूस. वकिली गेली, अशील गेले, उर्दू गेली. आता त्यांच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, की आपण लिहिलेला कागद कधी चुकला नाही. बार रूममध्ये जाऊन ते अजून रोज तासभर बसायचे आणि तेच सांगायचे. तेच आपण काढून घ्यायचं? की जाऊ दे म्हणायचं, एक वर्ष, आणखी एकदा? हे “जाऊ दे” किती ओळखीचं होतं. त्याचा आवाजसुद्धा त्यांना पाठ होता, कपबशी ठेवल्यासारखा हलका. त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला.

“साल चुकलंय,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

“कशातलं?”

“माझ्या जन्माचं. तुमच्या तर्जुम्यात.”

दत्तोपंत आधी हसले. “अगं, फसलीचा हिशेब आणि मी! निजामाच्या कोर्टात दावे चालवले फसलीत. पाचशे नव्वद मिळवायचे, झालं.”

“जमिनीच्या दाव्यात. तिथं पीक सालाचं असतं. माणूस सालभर जन्मत नाही, एका दिवशी जन्मतो.”

दत्तोपंतांनी वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला. “आण बघू इकडं.” दमयंतीबाईंनी कागद दिला नाही. त्या उभ्या राहिल्या, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचायला लागल्या. पहिल्या ओळीला जीभ अडखळली. एकतीस वर्षांत ही अक्षरं त्यांनी या घरात मोठ्याने वाचली नव्हती. मग जीभ सुटली. शाळेचं नाव, बापाचं नाव, कौम, तारीख-ए-पैदाइश, सेयुम खुर्दाद, तेरा सौ इकत्तीस फसली. उस्तानींनी शिकवलेला उच्चार, खुर्दादचा ‘ख’ घशातून. आवाज घरात फिरला, झोपाळ्याच्या रिकाम्या कड्यांपर्यंत गेला. दत्तोपंत त्यांच्याकडे बघत होते, अनोळखी बाई घरात शिरावी तसे. मग त्यांची नजर हळूहळू स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली आणि अंगठा पेरांवर चालू लागला. आजूर. दै. बहमन. ते बोटावरून दुसऱ्या बोटावर गेले, तिसऱ्यावर, आणि थांबले. कोर्टात समोरच्या वकिलाने चोख मुद्दा मांडला की त्यांचा चेहरा व्हायचा तसा तो झाला. त्या पत्रिकाही उघडायला निघाल्या होत्या. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

“तुला हे कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“त्याच दिवशी. चहा घेऊन आले होते तेव्हा.”

“सत्तावीस वर्षं?” आवाज चढला. “आणि तू बोलली नाहीस?”

“नाही बोलले. ती माझी चूक. पण कागदावरची तुमची आहे.” हे आपणच बोललो याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

दत्तोपंत उठून आरामखुर्चीत गेले, पाय लांब केले, डोळे मिटले. “बस. लिही,” ते म्हणाले. त्या बसल्या, पेन उघडलं. “कार्यालयीन नजरचुकीमुळे मूळ दाखल्यातील फसली सालाचे रूपांतर...”

पेन चाललं नाही. यावेळी दत्तोपंतांना कळलं.

“नजर कार्यालयाची नव्हती,” त्या म्हणाल्या. आणि शनिवारी बद्रीनाथ जे बोलला ते त्यांनी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ज्याने तर्जुमा केला त्यानेच लिहून द्यायचं. शपथेवर. चूक माझी.

“म्हणजे उद्या मी कोर्टात जाऊन, ज्या कोर्टात माझी हयात गेली तिथं, हात वर करून सांगायचं की मला बेरीज आली नाही? अगं, बारमध्ये लोक हसतील.”

“हसू देत. एक दिवस हसतील. मला वर्ष पाहिजे.”

दत्तोपंत उठले आणि सज्जात जाऊन उभे राहिले, पाठमोरे. खाली रस्त्यावरून कुणी सायकलवर मोगऱ्याच्या पहिल्या कळ्या विकायला नेत होता. दमयंतीबाई बसून राहिल्या. मघाचा आनंद कुठे गेला ते कळेना. ते नाही म्हणाले तर? तर उद्या ठिपक्यापुढे एकवीस लिहायचं, सही करायची, आणि तीस एप्रिलला नारळ-शाल घेऊन घरी यायचं, आणि याच माणसाला रोज चहा द्यायचा, आणि तो चहा नासलेला लागणार नाही याची काळजी घ्यायची. जमेल का? आजवर जमलं होतं. आता जमणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. त्या उस्तानींचा आवाज घरातून वाजला होता, तो परत पेटीत जाणार नव्हता. ते नाही म्हणाले तर त्या स्वतः जाणार होत्या, साहेबांपुढे दाखला धरून, वाचून दाखवायला. हे ठरलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. बाहेरची पाठ मात्र वाकली होती. तिकडे बघून त्यांना त्या माणसाची माया आली, तीही अगदी उघडी, आणि तरी त्या एक शब्दही मागे घ्यायला तयार नव्हत्या.

दत्तोपंत आत आले. कपाटातून त्यांनी एक कोरा स्टँप पेपर काढला. त्यांच्याकडे तो कायम असायचा. आरामखुर्चीपाशी ते क्षणभर घुटमळले आणि मग लिहायच्या टेबलाशी, दमयंतीबाईंच्या समोर येऊन उभे राहिले. “ऊठ,” ते म्हणाले. “इथं मला बसावं लागेल.” त्या उठल्या. बसायला दुसरी जागा आरामखुर्चीच होती, जिच्यावर आजवर त्यांनी फक्त फडकं फिरवलं होतं. त्या बसल्या. कापड अजून उबदार होतं. पाय लांब करावेत की नाही ते कळेना, म्हणून अर्धे केले.

“हं,” दत्तोपंत म्हणाले, पेन कागदाला लावून, चष्मा सावरून. “सांग.”

दमयंतीबाईंनी डोळे मिटले नाहीत. “मी, खाली सही करणारा दत्तोपंत,” त्या म्हणाल्या, सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालावं तशा, “शपथेवर लिहून देतो की माझ्या पत्नीच्या शालेय दाखल्याचे मराठी भाषांतर मी केले. त्यात फसली साल तेराशे एकतीसचे रूपांतर करताना मी पाचशे नव्वद मिळवले. खुर्दाद महिना असल्याने पाचशे एक्क्याण्णव मिळवणे आवश्यक होते. तिचे जन्मसाल एकोणीसशे बावीस आहे.” पेन कुरकुरत होतं. दत्तोपंतांचं अक्षर किती वाईट आहे, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. “ही चूक माझी आहे. शाळेची नाही, कार्यालयाची नाही.”

पेन थांबलं. मग पुढे गेलं. वरून गच्चीवरून सरूबाईचा आवाज आला, “बाई, कुरडया उलथायच्या का?” आणि दमयंतीबाईंनी तिथूनच उत्तर दिलं, इतक्या मोठ्याने की समोरच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्यानेही मान वर केली असणार, “नाही अजून! आलेच मी!” तो आवाज त्यांच्या कानाला ओळखू आला. चारशे मुलींपुढे प्रार्थनेच्या वेळी उभं राहून बोलायला लागतो तो आवाज होता. जूनमध्ये घंटा पावणेआठ वाजून पाच मिनिटांनी होणार होती, आणि चितेगावची बस तोपर्यंत आलेली असणार होती.

“चूक माझी आहे,” दत्तोपंतांनी लिहिलेलं परत वाचलं, खाली मान घालून. “शाळेची नाही, कार्यालयाची नाही.” त्यांनी वर बघितलं. “पुढं?”

“पुढं काही नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या आणि पाय पुरते लांब केले. “खाली सही करा. मराठीत करा. उद्या वाचणाऱ्याला कळली पाहिजे.”